ऑक्साइडची चांदी

पांडेसऱ्याच्या त्या गल्लीत धुरपदाच्या घराला सगळे 'लाल फरशीचं घर' म्हणत. बाकीच्यांनी साधा सिमेंटचा कोबा घालून घेतला होता. धुरपदा मात्र गवंड्याच्या डोक्यावर उभी राहिली आणि तिनं सिमेंटात लाल पूड कालवून घेतली. गवंडी त्या पुडीला ऑक्साइड म्हणायचा, म्हणून तीही म्हणू लागली. पहिलं वर्षभर तिनं ती फरशी खोबरेलाच्या फडक्यानं अशी घोटली, की उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या बाईला त्यात आपलं तोंड दिसावं.

पारोळ्याकडच्या खेड्यातून ती आणि तिचा नवरा लोटू सुरतेला आले तेव्हा रंजना पोटात होती. लोटू एका डाइंग मिलमध्ये कापड पांढरं करण्याच्या खात्यात लागला. पुढं त्याचा धाकटा भाऊ गजेंद्र शिकायला आला. धुरपदानं त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, त्याचे डबे भरले, आणि केमिकलचा डिप्लोमा करून तो कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटला तेव्हा गल्लीभर पेढे वाटले. घरात भाजी कोणती होणार इथपासून गावाकडच्या लग्नाला कोण जाणार इथपर्यंत सगळं तिच्या शब्दावर चालायचं.

मग सत्त्याण्णव साली गजेंद्रचं लग्न झालं आणि चंचल आली.

चंचल नंदुरबारची. बारावी सायन्स झालेली. नाकीडोळी नीटस होतीच, पण खरी अडचण अशी की ती स्वभावानं गोड होती. तोंडाळ, आळशी जाऊ मिळाली असती तर धुरपदाला सोपं गेलं असतं. चारचौघांत तिची गाऱ्हाणी तरी सांगता आली असती. ही पहाटे उठून पाणी भरायची, 'बाई, भाजी कशी चिरू?' असं विचारल्याशिवाय विळीला हात लावायची नाही. आणि पहिल्याच आठवड्यात लोटूनं चहाचा घोट घेऊन म्हटलं, "आज चहा कोणी केला? झकास झालाय." सोळा वर्षं धुरपदानं या माणसाला चहा पाजला होता. त्याच्या तोंडून झकास हा शब्द तिनं त्या दिवशी प्रथम ऐकला.

नव्या नवरीनं आणलेलं बघायला गल्लीतल्या बाया जमल्या. साड्या झाल्या, भांडी झाली, मग चंचलनं एक लहानसा डबा उघडला. आत चांदीचा हार, झुमके आणि पैंजण होते. पण चांदी पांढरी नव्हती. वेलबुट्टीच्या खाचांत काळं भरलेलं होतं आणि त्या काळ्यातून पानं, मोर, कळ्या अशा उठून दिसत होत्या की शेजारची रुक्मिणी 'अगं बाई!' म्हणून पुढंच सरकली.

"काळी पडली गं चांदी," धुरपदा म्हणाली.

"मुद्दाम करतात, बाई. ऑक्साइडची म्हणतात हिला. सध्या फॅशन आहे."

धुरपदाला वाटलं, सापडली! ती मोठ्यानं हसून गावाकडच्या अहिराणीत म्हणाली, "ऑक्साइड? चांदीमा फरशीना रंग टाका का व माय?"

कोणी हसलं नाही. मग रुक्मिणी हसली, पण ती चंचलकडं बघून हसली. म्हणाली, "धुरपदाबाई, तुमचं सगळं त्या फरशीपाशीच येऊन थांबतं." मग मात्र सगळ्याच हसल्या. रंजनासुद्धा. धुरपदा चहा टाकायला म्हणून आत गेली आणि स्टोव्हला उगाचच पंप मारत राहिली.

त्या दिवसापासून तो शब्द तिच्या डोक्यात बसला.

रंजना तेव्हा दहावीत होती. मराठी शाळेत जायची, मैत्रिणींशी गुजराती बोलायची, चिडली की हिंदी. विज्ञानात पहिल्याच चाचणीत ती नापास झाली. लोटूनं डोक्याला हात लावला. चंचल म्हणाली, "मी घेईन तिचा अभ्यास," आणि संध्याकाळी दोघी ओट्यावर बसू लागल्या. आधी अर्धा तास, मग दिवे लागेपर्यंत, मग जेवायला हाका माराव्या लागेपर्यंत.

आत भाकरी थापता थापता धुरपदाला बाहेरचं हसणं ऐकू यायचं. तिला वाटायचं, अभ्यासात एवढं हसण्यासारखं काय असतं? पूर्वी शाळेतून आलेली रंजना दप्तर टाकून तिच्या मागं मागं फिरायची. कोण काय बोललं, कुणी कुणाची वेणी ओढली, सगळं सांगायची. आता दप्तर पडायचं आणि पहिली हाक जायची, "काकी!" एकदा धुरपदानंच मुद्दाम विचारलं, "आज काय झालं शाळेत?" रंजना पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "तने नै खबर पडे, मम्मी." तुला नाही समजायचं. गुजराती धुरपदाला चांगली समजायची. ते वाक्य तर फारच चांगलं समजलं.

एका रविवारी लोटूही घरी होता. बाहेर ऑक्साइडचा धडा चालला होता. धुरपदा मोरीपाशी तांब्याचा हंडा चिंचेनं घासत बसली होती आणि कान दाराकडं होते.

"काकी, हे पाठच होत नाही. लोखंडाचं ऑक्साइड, जस्ताचं ऑक्साइड. ऑक्साइड म्हणजे तरी काय?"

"शब्द समजला की पाठ करावं लागत नाही," चंचल म्हणाली. "आमचे सर प्रत्येक शब्दाची जन्मकुंडली सांगायचे. ऐक. ऑक्सिस हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ तिखट, धारदार, आंबट. जिभेला झोंबेल ते. जेन म्हणजे जन्म देणारा. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांना वाटलं, जगातला सगळा आंबटपणा या एका वायूमुळं येतो. म्हणून त्यांनी नाव ठेवलं ऑक्सिजन, आंबटपणाला जन्म देणारा. त्यांनी जिभेवरून नाव ठेवलं, आपण श्वासावरून. आपण म्हणतो प्राणवायू."

"आणि ऑक्साइड?"

"ऑक्सिजनचं डोकं आणि ॲसिडची शेपटी. ॲसिडला ते लोक आसिद म्हणतात. डोकं ऑक्स, शेपटी इद. जोडलं आणि ऑक्सिद झालं, त्याचंच इंग्रजांनी ऑक्साइड केलं. प्राणवायू दुसऱ्या कशाला जाऊन चिकटला की जे तयार होतं, त्याचं हे आडनाव. लोखंडाचं लाल, तुमच्या या फरशीतलं. जस्ताचं पांढरं, मलमातलं. तांब्याचं काळं. आपले वैद्य धातू जाळून भस्म करायचे ना, त्यातली बरीच भस्मं हीच."

"आडनाव!" रंजना खिदळली. "म्हणजे लोखंडभाई ऑक्साइड, जस्ताबेन ऑक्साइड!"

दोघी पोट धरून हसल्या. तेवढं पुरेसं नव्हतं म्हणून खाटेवर पडलेला लोटू उठून बसला. जेठानं, म्हणजे थोरल्या दिरानं, भावजयीशी थेट बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. त्यानं रंजनाकडं बघत विचारलं, "रंजना, काकीला विचार. आमच्या मिलमध्ये ते पराक्साइडचे कारबे, मोठाले बुधले, येतात, ते कुणाच्या घराण्यातले?"

चंचलनं पदर पुढं ओढला आणि तीही रंजनाकडं बघत म्हणाली, "पप्पांना सांग, पर म्हणजे जास्तीचा. त्यात एक प्राणवायू जास्तीचा असतो. तो सुटतो आणि कापडावरचा मळकट रंग खाऊन टाकतो."

"अरे वा!" लोटू म्हणाला. "इतकी वर्षं कारबे उचलले, आज कळलं आत काय होतं ते."

धुरपदाच्या हातातली चिंच थांबली. त्या पराक्साइडनं नवऱ्याच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलायची तेव्हा तेल कोण लावायचं? तिनं कधी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, तुला काय करायचंय. आणि या कालच्या पोरीला तो घराणी विचारत होता.

ती उठून दारात आली. हाताला चिंचेचा चोथा तसाच होता. "काय गं चंचल, ते आंबटापासून झालं म्हणतेस ना? मग आंबटानं ते निघतं कसं? हा हंडा काळा पडला, त्याला चिंच लावली तर लखलखीत होतो. ज्याच्यातून जन्मला त्यानंच कसा मरतो?"

तिला चंचलची जीभ अडखळलेली बघायची होती. बस, एकदा. लोटूसमोर, रंजनासमोर.

चंचलचे डोळे चमकले. "बाई, किती बरोबर विचारलंत! नाव ठेवणाऱ्यांची चूकच झाली होती. आंबटपणाला कारण दुसरंच निघालं. संडासात टाकतो त्या ॲसिडात तर प्राणवायू नसतोच. पण चूक कळेपर्यंत नाव जगभर झालं होतं. ऑक्साइडच्या नावात दोन्हीकडून आंबट भरलंय, पण त्याला आंबटपणा लागतोच असं नाही. उलट बऱ्याच ऑक्साइडांना आंबट लागलं की ती विरघळून जातात." मग ती रंजनाला म्हणाली, "बघ, मम्मीनं विचारलं तसं विचारायला शिक."

रंजनानं आईकडं नवलानं बघितलं. त्या नजरेत कौतुक होतं. पण ते चंचलनं मिळवून दिलेलं होतं, आणि मिळवून दिलेलं कौतुक धुरपदाच्या घशाखाली उतरेना. ती मोरीकडं वळली, तोवर मागून चंचलचा आवाज आलाच, "लाकूड जळतं त्यालाही प्राणवायूच लागतो आणि लोखंड गंजतं त्यालाही. गंजणं म्हणजे हळूहळू जळणंच. एक भडकून जळतं, दुसरं कुणाला न दिसता."

हे मला उद्देशून, असं धुरपदाला वाटलं. नव्हतं. चंचल पुस्तकातली पुढची ओळ समजावत होती. पण त्या दिवशी धुरपदाला कोणी देवाची शपथ घेऊन सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

तुळशीच्या लग्नानंतर जवळच्या उधन्यात लोटूच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. चंचल रंजनाला म्हणाली, "मी ऑक्साइडचा सेट घालणार. झुमके तू घाल." रंजना हरखली. तिच्या आईचे सोन्याचे टॉप्स तिला कधीच नको होते. लग्नाच्या आदल्या दुपारी दोघी बांगड्या घ्यायला बाजारात गेल्या. पुरुष कामावर होते. धुरपदा घरात एकटी होती.

तिनं कपाटातला चंचलचा तो डबा काढला. आधी नुसता बघायचा होता. मग हार हातात घेतला. मोराच्या पिसाऱ्यातलं काळं इतकं बारीक भरलेलं होतं, की करणाऱ्याची बोटं लहान मुलाची असावीत असं तिला वाटलं. गळ्याशी धरून तिनं आरशात बघितलं. तिला तो शोभत होता, आणि हे दिसलं तेव्हाच तिचं मन फिरलं.

ती मोरीवर बसली. चिंच कोळली. चोळली. काळं हलेना. तांबं एका हातानं उजळतं, ही चांदी मात्र हट्टाला पेटल्यासारखी. मग राख घेतली. मग दंतमंजन आणि जुना ब्रश. खांदे भरून आले तरी ती घासत राहिली. पानांवरचं गेलं, मग कळ्यांवरचं, मग ब्रशचे केस खाचांत घालून घालून मोरांचं. हार झाला, पैंजण झाले, झुमकेही झाले. शेवटी सगळं पांढरंफेक, गुळगुळीत झालं. आणि त्यावर वेल कुठं होती, मोर कुठं होता, हे डोळे बारीक करून बघावं लागत होतं.

संध्याकाळी चंचलनं डबा उघडला. धुरपदा तयारीत होती. "काळं पडलं होतं. म्हटलं, लग्नात नवी सून अशी काळी चांदी घालून कशी जाणार? दुपारभर घासलं."

रंजना ओरडली, "मम्मी! हे काय केलंस?"

लोटू म्हणाला, "ओरडतेस काय? बघ किती चमकवलीये. आईचे हात बघ, लाल झालेत." गजेंद्रनं नुसतं बायकोकडं बघितलं.

धुरपदा वाट बघत होती. आता ही रडेल, आता बोलेल, एकदा तरी हिच्या तोंडून वाकडा शब्द निघेल. मग मीही बोलेन, मोकळी होईन. चंचलनं हार उलटसुलट केला. मोर होता त्या जागेवरून अंगठा फिरवला. म्हणाली, "बाईंनी फार मेहनत घेतली." दुसऱ्या दिवशी तिनं तो घातला आणि लग्नात दोघीचौघींनी त्याच्या चमकेचं कौतुकही केलं.

लग्नाहून आल्यावर स्वयंपाकघरात दोघीच होत्या. चंचल साडीची पिन काढत म्हणाली, "बाई, चिंचेनं गेलं नसेल ना?"

"नाही गेलं," धुरपदा बोलून गेली.

"जात नाही. बाजारात त्याला ऑक्साइड म्हणतात, पण ते ऑक्साइड नसतंच. गंधकाचं काळं असतं. चिंचेला ते दाद देत नाही. घासूनच काढावं लागतं." ती दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "फार घासावं लागतं."

बस एवढंच. त्यानंतर तिनं रंजनाचा अभ्यास घेणं सोडलं नाही, घरातलं कामही सोडलं नाही. पण भाजी कशी चिरू हे विचारणं बंद झालं. ती आपली आपणच चिरायला लागली. धुरपदाला ज्या भांडणाची आस होती ते झालंच नाही, आणि न झालेलं भांडण घरात पाहुण्यासारखं ठाण मांडून बसलं.

जूनमध्ये निकाल लागला. रंजना पहिल्या वर्गात पास झाली. विज्ञानात तर वर्गात सगळ्यांच्या वर. ती धावत आली ती थेट काकीच्या पाया पडली. मग आईच्या. चंचलला तेव्हा दिवस गेले होते. तिनं वाकता येईना म्हणून रंजनाला उभ्यानंच कवटाळलं. धुरपदानं पेढा भरवला, हसली, आणि पोर आधी कुणाच्या पाया पडली हे मनात नोंदवून ठेवलं.

त्याच महिन्यात गजेंद्रला अंकलेश्वरच्या रंगद्रव्याच्या कारखान्यात जागा मिळाली, क्वार्टरसकट. सामान बांधताना चंचलनं विषय काढला. "बाई, रंजनाला अकरावी सायन्सला घालायचं तर माझ्याकडं पाठवा. मराठी माध्यम इथं दहावीलाच संपलं. पुढं हिंदीत शिकायचं म्हणजे सोबत कोणीतरी लागेल. मी घेईन तिचं."

रंजना भिंतीला टेकून उभी होती. तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं.

"मन्ही पोर मन्हा घर राही," धुरपदा म्हणाली. तिनं हे इतकं शांतपणे म्हटलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. वर कारणंही दिली: वयात आलेली मुलगी, परका गाव, तू बाळंतीण होशील, तुला कोण बघेल आणि हिला कोण. सगळी कारणं खरी होती. लोटूनं मान डोलावली. चंचल म्हणाली, "बरं, तुम्ही म्हणाल तसं," आणि टेम्पो गेला.

धुरपदा जिंकली होती. घर पुन्हा तिचं झालं, चहा तिचा झाला, मुलगी तिची झाली. रंजना रडली नाही की रुसली नाही. पुस्तकं फळीवर ठेवून आईशेजारी साड्यांना टिकल्या लावायला बसली. गल्लीत बऱ्याच घरी ते काम यायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मायलेकी मांडीला मांडी लावून बसायच्या. हेच तर धुरपदाला हवं होतं. पण आता रंजना काही सांगायचीच नाही. विचारलं तर हो किंवा नाही.

जुलैत एक दिवस रुक्मिणी आपल्या धाकट्याचं पुस्तक घेऊन आली. "रंजना, याला हे जरा समजावून दे गं. गंज का चढतो, असं काहीसं विचारलंय."

रंजनानं सुईतून मान वर केली नाही. "माले काय समजस त्यामा," ती म्हणाली.

अहिराणीत म्हणाली. कधी अहिराणीत न बोलणारी पोर. हे वाक्य धुरपदाचं होतं. बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या मास्तरांपुढं, उभ्या जन्मात तिनं हेच म्हटलं होतं, आणि खरोखर समजत नव्हतं म्हणून म्हटलं होतं. या पोरीला समजत होतं. रुक्मिणी 'असू दे' म्हणून निघून गेली. रंजनाचा हात टिकल्यांवर चालत राहिला, एकसारखा, न थांबता.

धुरपदानं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. लोटू आला तेव्हा ती रंजनाचे कपडे पिशवीत भरत होती.

"काय चाललंय?"

"उद्या हिला अंकलेश्वरला नेते."

"तूच तर नाही म्हणालीस!"

"म्हणाले. आता हो म्हणते. मलाच विचारून सगळं चालतं ना घरात? मग चालू द्या."

सकाळच्या गाडीला गर्दी होती. रंजना खिडकीशी बसली होती आणि किम स्टेशनच्या पुढं गेल्यावर अचानक बोलायला लागली. अकरावीत काय काय असतं, काकी म्हणाली होती की प्रयोगशाळेत स्वतः हातानं करायला मिळतं, असं किती तरी. धुरपदा ऐकत होती. पोर बोलते आहे याचा आनंद होता. ती काकीचं बोलते आहे याची कळही होती. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि यातलं एक काढून दुसरं ठेवावं असं काही तिला साधत नव्हतं.

चंचलनं दार उघडलं. पोट बरंच पुढं आलं होतं, डोळ्यांखाली काळं झालं होतं. रंजना तिच्या गळ्यात पडली. धुरपदा पिशवी धरून बाहेरच उभी राहिली.

"आत या ना, बाई."

"आधी ऐक. तुझा तो हार मी घाण काढायला घासला नव्हता."

"माहीत आहे," चंचल म्हणाली.

"मी जळत होते तुझ्यावर. अजूनही जळते. हिला सोडायला आले म्हणून संपलं असं समजू नकोस."

चंचलनं पुढं होऊन पिशवी हातातून घेतली. "राग मलाही आला होता, बाई. अजून गेलेला नाही पूर्ण. चहा टाकते."

"तू बस. पाय सुजलेत तुझे. मी टाकते, साखर कुठंय सांग."

दोघींनी चहा घेतला. धुरपदानं दोन वेळच्या भाकऱ्या थापून ठेवल्या, खसखस घालून शिरा केला, बाळंतपणाला कोण येणार ते विचारलं आणि 'मी येईन' असं सांगून टाकलं. निघताना रंजना दारापर्यंत आली. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही, आतून काकीची हाक आली तशी "आले!" म्हणून वळली.

गाडीत जागा मिळाली, पण धुरपदा दाराशी उभीच राहिली. दोघी आता काय करत असतील, कशाला हसत असतील, हेच सारखं डोळ्यापुढं येत होतं.

ती घरी पोचली तेव्हा लोटू उंबऱ्यात बसला होता. "सोडून आलीस?"

"आले."

"रडली का?"

"नाही. चांगली आहे." धुरपदानं चपला काढल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "ऐका, पुढच्या रविवारी तिला बघायला तुम्ही जा. मी गेले तर परत घेऊन येईन."